बॅटरीचे व्होल्ट: गाडी, इन्व्हर्टर, ई-स्कूटर आणि घरातले सेल यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात फोंड्याला आमचं बॅटऱ्यांचं दुकान आहे. पावसाच्या तोंडाला इन्व्हर्टरचे फोन येतात. चवथ जवळ आली की बोटीवरून घरी आलेल्यांच्या बंद पडलेल्या गाड्यांचे. ई-स्कूटरच्या चार्जरचे तर आता बारा महिने येतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न लोकांनी विचारले तसेच खाली दिले आहेत. कोणताही एक प्रश्न उघडून तेवढंच उत्तर वाचलंत तरी चालेल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. व्होल्ट आणि एएच यांत फरक काय? बॅटरी घेताना नेमकं काय बघायचं?

गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकी किती उंचावर बसवली आहे ते व्होल्ट, आणि ती किती लिटरची आहे ते एएच, म्हणजे अँपिअर-अवर. उंची बदलली की नळाच्या पाण्याचा जोर बदलतो. टाकी मोठी घेतली तर जोर तोच राहतो, पाणी फक्त जास्त वेळ पुरतं.

म्हणून व्होल्ट जुळलेच पाहिजेत, त्यात तडजोड नाही. एएच थोडे जास्त असले तर चालतं. "मोठी बॅटरी लावली तर जास्त करंट घुसून वायरिंग जळेल का?" असं बरेच जण विचारतात. व्होल्ट तेच असतील तर नाही जळणार. दिवा, हॉर्न, स्टार्टर आपल्याला लागेल तेवढाच करंट ओढतात. अडचण येते ती खोबणीत बॅटरी न बसण्याची किंवा टर्मिनल उलट्या बाजूला येण्याची.

व्होल्ट गुणिले एएच म्हणजे वॉट-अवर, बॅटरीत मावणारी एकूण ऊर्जा. १२ व्होल्टची १५० एएच बॅटरी म्हणजे १,८०० वॉट-अवर.

२. बॅटरीवर १२ व्होल्ट लिहिलंय आणि मीटर १२.७ दाखवतो. बॅटरी खराब की मीटर?

दोन्ही ठीक आहेत. १२ हे त्या बॅटरीचं नाव आहे, प्रत्यक्ष मोजमाप कमी-जास्त होत असतं. शिसं आणि आम्ल यांच्या एका सेलमधून दोन व्होल्टच्या आसपास दाब मिळतो. गास्तों प्लांते याने १८५९ साली पहिली शिशाची बॅटरी केली, तेव्हापासून हा आकडा तोच आहे, कारण तो ठरतो रसायनावर. ट्रकच्या बॅटरीतला सेल मोठा आणि स्कूटरमधला छोटा, पण व्होल्ट दोघांचे सारखेच. १२ व्होल्टच्या बॅटरीत असे सहा सेल असतात.

गाडी चार-पाच तास उभी ठेवून मोजा. १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव. ११.९ च्या खाली गेली तर रिकामी समजा आणि त्याच दिवशी चार्जिंगला लावा. गाडी बंद केल्या केल्या मोजलंत तर मीटर १३ सुद्धा दाखवील. तो वरवरचा फुगवटा असतो, त्यावर विश्वास ठेवू नका.

३. कुठल्या गाडीला किती व्होल्टची बॅटरी असते?

आजची मोटारसायकल, स्कूटर, रिक्षा, कार: १२. जुन्या काळच्या काही दुचाकी: ६ (प्रश्न ४). ट्रक, टिप्पर, मोठ्या बसगाड्या आणि ट्रॉलरची मोठी इंजिनं: बहुतेक २४, म्हणजे १२ च्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या (प्रश्न ९). ई-स्कूटर: ४८, ६० किंवा ७२ (प्रश्न ११). इलेक्ट्रिक कारचा हिशेब वेगळा आहे (प्रश्न १२).

४. माझी जुनी बाईक ६ व्होल्टची आहे. १२ ची बॅटरी लावली तर दिवा लख्ख लागेल ना?

लागेल, आणि लगेच जाईल. व्होल्ट दुप्पट झाले की त्याच बल्बमध्ये उष्णता जवळजवळ चौपट होते. हॉर्न आणि इग्निशन कॉइलही तापतात. शिवाय इंजिनातली चार्जिंगची व्यवस्था सहासाठी बनवलेली असते, ती बाराची बॅटरी भरूच शकत नाही. दोन दिवसांत बॅटरी रिकामी होते आणि दोष बॅटरीवर येतो.

बारावर जायचं तर स्टेटर कॉइल, रेग्युलेटर, इग्निशन कॉइल, हॉर्न आणि सगळे बल्ब बदलावे लागतात. पूर्ण करा किंवा अजिबात करू नका. गाडी मूळ रूपात जपायची असेल तर ६ व्होल्टच्या बॅटऱ्या मिळतात. त्यांत तीन सेल असतात आणि भरलेली बॅटरी ६.३ च्या आसपास दाखवते.

५. मीटर १२.५ दाखवतो, तरी गाडी नुसती टक-टक करते. असं का?

बसलेल्या माणसाची ताकद कळत नाही, त्याला ओझं उचलायला लावावं लागतं. बॅटरीचंही तसंच. मीटर टर्मिनलला लावून ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. त्या क्षणी आकडा साधारण ९.६ च्या खाली कोसळला तर बॅटरी अशक्त झाली आहे. आकडा ११ च्या वर राहिला आणि तरीही इंजिन फिरत नसेल, तर बॅटरीला दोष देऊ नका. वीज वाटेत कुठेतरी अडते आहे.

आपल्याकडे ती बहुतेक वेळा टर्मिनलवरच अडते. एक पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाले, नवी बॅटरी घ्यायचीच म्हणून दुकानात आले होते. मी मीटरचं एक टोक पॉझिटिव्ह टर्मिनलच्या शिशावर टेकवलं, दुसरं त्याच टर्मिनलवर बसलेल्या क्लॅम्पवर, आणि सेल्फ मारायला सांगितलं. एकमेकांना चिकटलेल्या त्या दोन धातूंमध्ये शून्य यायला हवं होतं. आलं दीड व्होल्ट. क्लॅम्प उघडला तर आत हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड. दिवसभर किनाऱ्याच्या रस्त्यावर फिरणारी गाडी, वरून पावसाळा, खारा वारा आणि ओल यांनी तो सांधा खाल्ला होता. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशने घासलं, कोरडं करून क्लॅम्प घट्ट आवळला, वरून व्हॅसलीन लावलं. जुन्याच बॅटरीवर ते घरी गेले.

हे काम घरी करता येतं. सोडताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका.

६. भाऊ बोटीवर असतो, गाडी सहा महिने उभीच. दर वेळी बॅटरी मेलेली मिळते. काय करू?

गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, लॉकची यंत्रणा थोडा थोडा करंट ओढत असतात. समजा तो ५० मिलीअँपिअर आहे. ५० गुणिले २४ तास गुणिले ३० दिवस म्हणजे ३६,००० मिलीअँपिअर-अवर, अर्थात ३६ एएच. छोट्या कारची बॅटरीच ३५ एएचची असते! एका महिन्यात ती कोरडी. त्या अवस्थेत ती पाच महिने राहते, तेवढ्या काळात शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण खडे जमतात, आणि मग कितीही चार्ज केली तरी ती पूर्वीसारखी होत नाही.

घरचे आठवड्यातून एकदा गाडी पाच मिनिटं सुरू करून बंद करतात. मनापासून करतात, पण त्याने बॅटरी उलट रिकामी होत जाते, कारण सेल्फ मारायला गेलेली वीज पाच मिनिटांत भरून निघत नाही. एक तर अर्धा-पाऊण तास चालवून आणा, म्हापशाला बाजारादिवशी नेली तरी पुरे. नाहीतर बॅटरी पूर्ण भरून निगेटिव्ह सोडून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा चार्ज करा. सोडण्याआधी कारची पुस्तिका बघा, कारण काही गाड्यांचा रेडिओ परत सुरू करायला कोड मागतो.

ट्रॉलरवाल्यांनाही हेच लागू. १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची मासेमारीबंदी बॅटरीला फार महागात पडते. होडी वर घेतानाच मुख्य स्विच बंद करा.

७. इंजिन चालू असताना किती व्होल्ट यायला हवेत?

१३.८ ते १४.४ च्या दरम्यान. १३ च्या खाली राहिले तर अल्टरनेटर (इंजिनाच्या जोरावर बॅटरी चार्ज करणारं यंत्र) किंवा त्याचा पट्टा बघा. १५ च्या वर गेले तर व्होल्ट आवरून धरणारा रेग्युलेटर बिघडला आहे, बॅटरीतलं पाणी उकळून जाईल आणि बल्ब पटापट जातील. नव्या काही गाड्यांत संगणक गरजेप्रमाणे अल्टरनेटर कमी-जास्त करतो. तिथे कधी १२.६, कधी १४.८ दिसतं आणि दोन्ही बरोबर असतं. अशा गाडीत एकाच मोजणीवरून निष्कर्ष काढू नका.

८. बाईकला हलकी लिथियम बॅटरी घातली. मीटर कायम १३.२ दाखवतो आणि एक दिवस अचानक बंद. फसवलं का मला?

नाही, प्रश्न २ मधले आकडे शिशाच्या बॅटरीचे आहेत, ते इथे लागू होत नाहीत. या बॅटरीत लिथियम-आयर्न-फॉस्फेटचे ३.२ व्होल्टचे चार सेल असतात, मिळून १२.८. त्यांचे व्होल्ट बॅटरी जवळजवळ रिकामी होईपर्यंत १३ च्या आसपासच टिकतात आणि मग एकदम पडतात. म्हणून नुसत्या मीटरवरून ती किती भरली आहे ते कळत नाही. तिला शिशाच्या बॅटरीसाठीचा जुना चार्जर लावू नका. "लिथियम" असं लिहिलेलाच वापरा.

९. टिप्परला २४ व्होल्ट आहेत. म्युझिक सिस्टीम १२ ची आहे. दोनपैकी एका बॅटरीवरून वायर घेतली तर?

हे डिचोली-साखळीकडच्या गाड्यांत मी खूप पाहिलं आहे. वाजतं छान, पण दोन्ही बॅटऱ्यांची वाट लागते. जिच्यावरून वायर घेतली ती रोज थोडी जास्त रिकामी होते. अल्टरनेटर दोघींना एकत्रच चार्ज करतो. त्यामुळे एक कायम अर्धपोटी राहते आणि दुसरीला गरजेपेक्षा जास्त मिळून ती उकळते. २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर मिळतो, तो बसवा.

जोडणीचा नियम असा: एकीचं पॉझिटिव्ह दुसरीच्या निगेटिव्हला जोडलं, म्हणजे सिरीज, की व्होल्टची बेरीज होते. पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हला निगेटिव्ह, म्हणजे पॅरलल, की एएचची बेरीज होते आणि व्होल्ट तेच राहतात.

आणि कृपा करून टिप्परच्या २४ वरून कारला जंप देऊ नका. कारचा संगणक जाऊ शकतो, बॅटरी फुटू शकते. १२ ला १२ च. लाल वायर आधी मेलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगलीच्या. काळी आधी चांगलीच्या निगेटिव्हला, आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते, आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो.

१०. इन्व्हर्टर एका बॅटरीचा घेऊ की दोन बॅटऱ्यांचा?

एका बॅटरीचा म्हणजे १२ व्होल्टचा, दोन बॅटऱ्यांचा म्हणजे २४ चा. ८०० वॉटचा भार १२ वर चालवायचा तर बॅटरीतून ६७ अँपिअर ओढावे लागतात. २४ वर ३३ पुरतात. करंट निम्मा झाला की वायर कमी तापते, वीज कमी वाया जाते. दोन-तीन पंखे, दिवे आणि टीव्ही एवढंच असेल तर १२ चा पुरेसा आहे. १५० एएचची चांगली बॅटरी ३०० वॉटच्या भाराला साधारण चार तास पुरते. प्रश्न १ मधले १,८०० वॉट-अवर सगळेच्या सगळे हाती लागत नाहीत, हे हिशेबात धरा. फ्रिज आणि विहिरीचा पंपही त्यावर टाकायचा असेल तर दोनच्याही पुढे विचार करावा लागेल.

दोन असतील तर दोन्ही एकाच वेळी, एकाच बनावटीच्या घ्या. एक नवी आणि एक तीन वर्षांची अशी जोडी लावली तर जुनी नवीला आपल्याबरोबर खाली ओढते. पाणी फक्त डिस्टिल्डच. विहिरीचं पाणी कितीही गोड असलं तरी त्यात क्षार असतात.

११. शेजाऱ्याच्या ई-स्कूटरचा चार्जर ६० चा आहे, माझी ४८ ची. प्लग तोच आहे. एक दिवस चालवू का?

नाही. या पानावरचं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं ठेवा. ६० च्या लिथियम पॅकचा चार्जर ६७ ते ७१ व्होल्टपर्यंत देतो. ४८ चा पॅक ५४ ते ५८ ला पूर्ण भरतो. आतला संरक्षक बोर्ड चार्जिंग तोडेल अशी आशा असते, पण तो बिघडलेला असला तर सेल तापतात, फुगतात आणि पेटतात. घरात, जिन्याखाली, रात्री चार्जिंगला लावलेली स्कूटर पेटली तर बाहेर पडायला वाटही राहत नाही.

खरी गुंतागुंत पुढे आहे: ४८ आणि ४८ सुद्धा एक नसतात. शिशाच्या चार बॅटऱ्या लावलेल्या जुन्या स्कूटरला साधारण ५८-५९ व्होल्टचा चार्जर लागतो. ३.७ व्होल्टचे तेरा लिथियम सेल असलेल्या पॅकला ५४.६ चा. लिथियम-आयर्न-फॉस्फेटच्या सोळा सेलच्या पॅकला ५८.४ चा. तिन्हींवर विक्रेता "४८" असंच लिहितो. म्हणून पॅकच्या नावावर जाऊ नका. जुन्या चार्जरच्या पाठीवर "आउटपुट" पुढे छापलेला आकडा दशांशासकट जुळवा, आणि बॅटरीचा प्रकारही तोच आहे ना ते बघा. स्टिकर पुसलं गेलं असेल तर कंपनीच्या सेवा केंद्रात गाडीचा मॉडेल क्रमांक सांगून घ्या.

१२. इलेक्ट्रिक कारलाही १२ ची बॅटरी असते म्हणतात. खरं?

खरं. चाकं फिरवणारा मोठा पॅक बहुतेक गाड्यांत ३०० ते ४०० व्होल्टचा असतो, पण लॉक, दिवे, डॅशबोर्डवरचा स्क्रीन आणि मोठ्या पॅकला जोडणारा स्विच चालतो १२ वर. ती छोटी बॅटरी मेली तर मोठा पॅक भरलेला असूनही गाडी सुरू होत नाही. बॉनेटखाली नारिंगी रंगाच्या जाड वायरी दिसतात, त्या उच्च दाबाच्या. त्यांना हात लावायचा नाही, गाडी बंद असली तरीही.

१३. रिचार्जेबल पेन्सिल सेल १.२ व्होल्टचे असतात. १.५ च्या जागी चालतील?

बहुतेक ठिकाणी चालतात. साधा अल्कलाइन सेल १.५ ला सुरू होतो आणि वापरता वापरता ०.९ पर्यंत उतरतो. रिचार्जेबल सेल बराच काळ १.२ वर टिकून राहतो. खेळणी, टॉर्च आणि रिमोटला फरक पडत नाही. रक्तदाबाची काही यंत्रं मात्र भरलेले सेल घातले तरी "सेल कमी" असं दाखवतात, तिथे अल्कलाइनच वापरा.

सावध राहा ते वेगळ्या कारणासाठी. अगदी याच आकाराचा ३.७ व्होल्टचा लिथियम सेल बाजारात मिळतो. तो दोन सेलच्या उपकरणात घातलात तर ३ च्या जागी ७.४ व्होल्ट जातात आणि उपकरण संपतं. आकार बघून घेऊ नका, आकडा वाचा.

१४. बटन सेलचे प्रकार कसे ओळखायचे? घरात लहान मुलं आहेत.

'सीआर'ने सुरू होणारे ३ व्होल्टचे, 'एलआर' आणि 'एसआर'ने सुरू होणारे १.५ च्या आसपासचे. सीआर २०३२ मधला २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. श्रवणयंत्राचे सेल १.४ व्होल्टचे असतात आणि हवेवर चालतात. त्यांवरची रंगीत पट्टी वापरायच्या वेळीच काढा. परत चिकटवून ते थांबत नाहीत.

मुलाने बटन सेल गिळल्याची नुसती शंका जरी आली, तरी वाट पाहू नका. अन्ननलिकेत अडकलेला सेल ओलाव्यातून वीज वाहू देतो आणि दोन तासांत आतून गंभीर भाजतं. १०८ ला फोन करा किंवा थेट बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) न्या. उलटी करवू नका. रिमोटचं झाकण सैल असेल तर आजच चिकटपट्टी लावा.

१५. लॅपटॉपची मूळ बॅटरी १०.८ ची, दुकानदार ११.१ ची देतोय. घेऊ?

घ्या. दोन्हींत तीन सेल आहेत. एकाने प्रत्येकी ३.६ धरले, दुसऱ्याने ३.७. तसंच १४.४ आणि १४.८ हे एकच, चार सेलचे. पण ११.१ च्या जागी १४.८ चालणार नाही, तिथे सेलच एक जास्त आहे.

१६. दहा हजार एमएएचच्या पॉवर बँकने पाच हजारचा फोन दोनदा भरत नाही. विमानात किती मोठी नेता येते?

ते दहा हजार एमएएच (मिलीअँपिअर-अवर, म्हणजे १० एएच) आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे आहेत, म्हणजे ३७ वॉट-अवर. बाहेर ५ व्होल्टला येताना तेच ७,४०० होतात आणि रूपांतरात आणखी थोडे जातात. फसवणूक नाही, हिशेब आहे.

विमानातही वॉट-अवरच मोजतात. १०० पर्यंत हातातल्या बॅगेत चालते, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते, आणि चेक-इन बॅगेत कुठलीच नाही. वीस हजारची म्हणजे ७४, तिला अडचण नाही. तीस हजारची १११ होते, ती मोपाला किंवा दाबोळीला अडवली जाऊ शकते.

१७. नरकासुराच्या डोळ्यांत १२ व्होल्टची एलईडी पट्टी लावायची आहे. स्कूटरची बॅटरी काढून लावू?

दिवाळीत जाळायचा नरकासुराचा पुतळा बनवणारी पोरं दरवर्षी विचारतात, आणि मला या प्रश्नाचा आनंद होतो. पाच मीटरची साधी पट्टी साधारण २४ वॉटची, म्हणजे २ अँपिअर. स्कूटरची ३-४ एएचची बॅटरी एक-दीड तासात बसते आणि अशी पूर्ण रिकामी झाली की सकाळी सेल्फ मारत नाही. ती क्षणभर जोर लावण्यासाठी बनवलेली आहे. त्याऐवजी छोट्या यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएचची सीलबंद बॅटरी घ्या, अडीच-तीन तास मिळतील. डोळ्यांना अर्धा मीटर पट्टी पुरते, मग ती रात्रभर चालेल. पॉझिटिव्हवर ३ अँपिअरचा फ्यूज घाला, आत सगळा कागद आणि गवत आहे.

बॅटरी नरकासुराच्या पोटात बांधू नका. मागच्या बाजूला, पायाशी, हाताला लागेल अशी ठेवा. पहाटे जाळायच्या आधी ती कोण काढणार त्याचं नाव रात्रीच ठरवा. आगीत बॅटरी फुटली तर आम्ल आजूबाजूच्या मुलांच्या तोंडावर उडतं.

१८. मेलेली बॅटरी कुठे टाकायची?

टाकायची नाही, परत द्यायची. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. शिशाच्या बॅटरीचे नवी घेताना पैसेही वजा होतात. भंगारवाल्याला देऊ नका. आम्ल गटारात ओतून शिसं काढलं जातं, आणि ती गटारं शेवटी आपल्याच शेतात आणि विहिरीत जातात. फुगलेली लिथियम बॅटरी मात्र कचऱ्याच्या पिशवीत घालू नका, भोसकू नका. वाळूच्या डब्यात, घराबाहेर सावलीत ठेवा आणि सेवा केंद्राला फोन करा.